वही कराडात, कर्नल लॅबमध्ये

माझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम आहे. हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा जो ग्रिड-डेटा मी वापरते तो १९०१ पासूनचा. पाव अंशाचे चौकोन, १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला दिवसाचा एक आकडा. एका वर्षाचे साधारण २५ एमबी होतात. ऐकायला काहीच नाही. पण १२० वर्षं एकदम उघडली की तीन जीबी, आणि चार बाइटचे आकडे हिशेबात आठ बाइटचे झाले की सहा. त्यात ब्राउझरच्या वीस टॅब आणि लेकीचं कार्टून चालू असेल तर लॅपटॉप सरळ बसतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र ६४ जीबीचं लिनक्स मशीन आहे. संध्याकाळी पाचनंतर ते नुसतं पंखा फिरवत बसलेलं असतं. ज्युपिटरची वही, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहायचं पान, माझ्याकडे, घरी कराडात, आणि हिशेब तिकडे, अशी जोडणी मी गेली काही वर्षं वापरते आहे. एमएस्सीची मुलं दर वर्षी तीच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. कमांड मी त्यांना फोनवर सांगते तशाच लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि डॅश म्हणजे उणे चिन्हाची साधी आडवी रेघ. मेसेजमधून कॉपी केलेली लांब रेघ चालत नाही. तिच्यापायी एका मुलाची अख्खी दुपार गेली आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. ज्युपिटर नोटबुक दिसतं एक, पण चालतात दोन गोष्टी. एक वही: तुम्ही लिहिता ते पान, त्याची फाइल, आणि ती उघडणारा सर्व्हर. दुसरी गोष्ट म्हणजे कर्नल, कोड प्रत्यक्ष चालवणारा इंटरप्रिटर. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं आणि २०१४ मध्ये त्यातूनच ज्युपिटर वेगळं निघालं. ज्युलिया, पायथन आणि आर या तिन्ही भाषांवरून ते नाव पडलं. तीन भाषा एकाच वहीला जोडायच्या तर वही आणि कर्नल वेगळे ठेवणं भागच होतं. आणि एकदा ते वेगळे झाले की दोघं एकाच मशीनवर असले पाहिजेत असं कुठे आहे?

आमच्या घरात या शब्दाने एकदा गोंधळ घातला होता. सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी फोनवर विद्यार्थ्याला म्हणत होते, "अरे, कर्नल परत मेला का?" बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कोणत्या युनिटचे?"

असो. सोपा रस्ता आधी सांगते, कारण निम्म्या लोकांचं काम त्यावरच भागतं.

अख्खं ज्युपिटर लॅबच्या मशीनवरच चालवायचं आणि त्याचं फक्त पान आपल्याकडे ओढायचं. तिकडे टीमक्स, म्हणजे जोडणी तुटली तरी चालू राहणारं टर्मिनल, उघडा, त्यात ज्युपिटर लॅब डॅश डॅश नो डॅश ब्राउझर चालवा. ते ८८८८ पोर्टवर उभं राहतं आणि टोकनसकट, म्हणजे आत शिरायच्या परवलीसकट, एक पत्ता छापतं. मग आपल्या लॅपटॉपवर एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारी कमांड: एसएसएच, स्पेस, डॅश कॅपिटल एन, स्पेस, डॅश कॅपिटल एल, स्पेस, ८८९९ कोलन १२७.०.०.१ कोलन ८८८८, स्पेस, आणि शेवटी मशीनचं नाव. हा झाला टनेल. कोयनेच्या भागातल्या माणसाला बोगदा समजावून सांगायला लागत नाही. पाणी डोंगराच्या या बाजूला आणि जनित्रं पलीकडे पोफळीला, तसंच हे. आता ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ८८९९ उघडायचं आणि टोकन द्यायचं. मी या बाजूला मुद्दाम ८८९९ घेते, कारण ८८८८ वर बहुतेक वेळा आपलंच घरचं ज्युपिटर बसलेलं असतं, आणि मग आपण कोणत्या घरात शिरलो तेच कळत नाही. व्हीएस कोड वापरणाऱ्यांनी कर्नल निवडताना आधीपासून चालू असलेला ज्युपिटर सर्व्हर हा पर्याय घेऊन हाच पत्ता टोकनसकट द्यावा.

मग मला दुसरा रस्ता का लागला? कारण पहिल्या रस्त्यात वहीची फाइलही तिकडेच राहते. माझ्या वह्या लॅपटॉपवर, गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारी सोय) असतात, आणि कॉलेजचं नेट बंद असलं तरी मला त्या उघडून वाचायच्या असतात. शिवाय लहानसहान काम घरच्याच पायथनवर करावं, आणि मोठं आलं की त्याच वहीत वर उजवीकडे कर्नलच्या नावावर क्लिक करून लॅबचं मशीन निवडावं, ही सोय एकदा लागली की सुटत नाही. त्यासाठी स्वतःचा कर्नल नोंदवावा लागतो.

सुरुवात चावीपासून, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलपासून. कर्नल सुरू करताना ज्युपिटर मागच्या मागे एसएसएच चालवतं. तिथे पासवर्ड विचारायला टर्मिनल नसतं, म्हणून पासवर्ड लागणारी जोडणी होतच नाही. एसएसएच-कीजेन डॅश टी ईडी२५५१९ ने चावी बनवा, एसएसएच-कॉपी-आयडी ने ती तिकडे टाका. विंडोजवर एसएसएच असतं, पण ही कॉपी-आयडी नसते; तिथे पब्लिक चावीची ओळ हाताने तिकडच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये चिकटवायची. चावीला पासफ्रेज असेल तर एसएसएच-एजंटमध्ये ती आधी भरून ठेवायची. मग घरच्या एसएसएच कॉन्फिग फाइलमध्ये मशीनला टोपणनाव द्या. माझं आहे कोयना. त्याखाली पत्ता, युजरचं नाव, आणि सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६०. ही शेवटची ओळ नसेल तर चहा करून येईपर्यंत मधला राउटर जोडणी तोडून टाकतो. सगळं झालं की एकदा हाताने एसएसएच कोयना करून आत जाऊन या. पहिल्या वेळी या मशीनवर विश्वास ठेवू का असं ते विचारतं, आणि त्याला येस म्हणायलाही टर्मिनलच लागतं.

आता तिकडचं पायथन. लॅबच्या मशीनवर स्वतःचं व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट, म्हणजे आपलं वेगळं पायथन, करा आणि त्यात आयपायकर्नल, म्हणजे पायथनचा कर्नल, टाका, सहा किंवा त्यापुढची आवृत्ती. ज्युपिटर लॅब तिकडे लागत नाही. आपल्याला फक्त इंटरप्रिटर हवा आहे, वही नाही. बाकी तुमच्या कामाचं जे काही असेल ते. माझं एक्सअ‍ॅरे आणि नेटसीडीएफ४, ग्रिड-डेटा वाचायच्या लायब्ररी.

मग त्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहून घ्या, होमपासून बिनमधल्या पायथनपर्यंत. इथे सगळे पडतात. मुलं म्हणतात, "मॅडम, मी लॉगिन केलं की कॉंडा आपोआप चालू होतं, पायथन बरोबर दिसतं." कॉंडा म्हणजे पायथनची एनव्हायर्नमेंट सांभाळणारं साधन, आणि लॉगिन केल्यावर ते होतं. पण एसएसएचला थेट कमांड दिली की तिकडचं शेल, म्हणजे कमांड वाचणारा प्रोग्राम, कोणाशी बोलत नसतं, आणि उबंटूच्या बॅशआरसी फाइलमध्ये अगदी वरच लिहिलेलं असतं की असं असेल तर इथूनच परत फिर. म्हणजे तुमच्या कॉंडाच्या ओळी वाचल्याच जात नाहीत आणि मशीनचं मूळ पायथन हाती लागतं. त्यात आयपायकर्नल नसतं. तेव्हा घरून एसएसएच कोयना, पुढे पूर्ण पत्त्यासकट पायथन, डॅश सी, आणि अवतरणात इम्पोर्ट आयपायकर्नल असं चालवून बघा. एसएसएचसाठी त्या अख्ख्या कमांडला बाहेरून आणखी एक अवतरण लागतं. काहीही न छापता परत आलं तर पुढे चला. मॉड्यूल नाही म्हणालं तर इथेच थांबा.

आता गाभा. ज्युपिटर कर्नल सुरू करताना एक छोटी जेसन फाइल बनवतं, तिला कनेक्शन फाइल म्हणतात. तिच्यात पाच पोर्ट असतात, एक आयपी पत्ता असतो, १२७.०.०.१, आणि एक गुप्त की असते. पाच पोर्ट म्हणजे पाच दारं. शेल या दारातून कोड आत जातो. आयओपब मधून छापलेलं, चित्रं, एरर सगळं बाहेर येतं. एसटीडीइन मधून कर्नल उलट आपल्याला काही विचारू शकतो. कंट्रोल हे थांबवण्याचं आणि बंद करण्याचं दार. पाचवं हार्टबीट, नुसतं जिवंत आहेस का विचारायला. की वापरून प्रत्येक निरोपावर सही केली जाते.

आपली युक्ती एवढीच: हीच फाइल जशीच्या तशी तिकडे पाठवायची, तिकडच्या कर्नलला तीच वाचायला लावायची, आणि पाचही पोर्टना त्याच नंबरांचे टनेल टाकायचे. कर्नलला वाटतं आपण आपल्याच १२७.०.०.१ वर बसलोय, ज्युपिटरलाही तसंच वाटतं. दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात.

हे करणारी स्क्रिप्ट मी पायथनमध्येच लिहिली आहे, वीस-बावीस ओळींची. ती तीन कामं करते. पहिलं, मिळालेली कनेक्शन फाइल वाचून शेल-पोर्ट, आयओपब-पोर्ट, एसटीडीइन-पोर्ट, कंट्रोल-पोर्ट आणि एचबी-पोर्ट हे पाच आकडे काढते. दुसरं, एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) ती फाइल कोयनावरच्या माझ्या एका फोल्डरमध्ये टाकते. ते फोल्डर ७०० परवानगीचं, म्हणजे फक्त मालकालाच उघडणारं, आहे, कारण की ज्याच्या हाती तो तुमच्या नावाने तिथे काहीही चालवू शकतो. तिसरं, एसएसएचची एक लांब ओळ बनवते आणि स्वतः बाजूला होऊन तिला जागा देते. लिनक्सवर हे ओएस डॉट एक्झेकव्हीपी ने होतं. विंडोजवर सबप्रोसेस डॉट कॉल वापरा.

त्या लांब ओळीत काय असतं ते तुकड्या-तुकड्याने सांगते. डॅश टीटी, म्हणजे दोनदा लहान टी. डॅश ओ एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर बरोबर येस, म्हणजे एक जरी टनेल पडला नाही तरी एसएसएच थांबेल, अर्धवट चालत राहणार नाही. मग पाच वेळा डॅश कॅपिटल एल, दर वेळी १२७.०.०.१ कोलन पोर्ट कोलन १२७.०.०.१ कोलन तोच पोर्ट. इथे लोकलहोस्ट हा शब्द लिहू नका. काही मशीनवर त्याचा अर्थ आयपीव्ही६ चा पत्ता असा लागतो आणि कर्नल तिथे ऐकत नसतो. शेवटी कोयना, मग पायथनचा पूर्ण पत्ता, डॅश एम, आयपायकर्नल अंडरस्कोर लाँचर, डॅश एफ, आणि तिकडे टाकलेल्या फाइलचा पत्ता.

पाचपैकी एखादं दार विसरलं की काय होतं, ते वेगवेगळं दिसतं. आयओपब विसरलात तर कर्नल कनेक्टिंगवरच अडकतो, लगेच कळतं. मी विसरले होते एसटीडीइन. जवळजवळ महिनाभर सगळं सुरळीत. मग एका वहीत इनपुट वापरून वर्ष विचारायला गेले आणि सेलसमोर चालू असल्याचा तारा लागला तो लागलाच. चौकट येईना, एरर येईना. कर्नल बिचारा बंद दारासमोर विचारत उभा, आणि मी डेटा तपासत बसलेले.

डॅश टीटी कशासाठी, हाही प्रश्न हमखास येतो. त्याशिवाय जोडणी तुटली तर तिकडचा कर्नल चालूच राहतो, त्याला कळतच नाही की मालक गेला. एका आठवड्यात मी असे सात अनाथ कर्नल जमवले होते, प्रत्येकाच्या कुशीत पाच-सहा जीबी पाऊस. लॅब असिस्टंटनी फोन करून विचारलं, "मॅडम, मशीनवर काय चालवलंय एवढं?" टीटीमुळे तिकडे टर्मिनल तयार होतं, आणि जोडणी गेली की ते मिटताना कर्नललाही घेऊन जातं. तरीही शंका आलीच तर तिकडे पीग्रेप डॅश ए एफ आयपायकर्नल करून बघा. मारताना नंबर नीट वाचा, शेजारच्या सरांचाही त्यात असतो.

आता नोंदणी. घरच्या लॅपटॉपवर कर्नलस्पेकचं, म्हणजे कर्नलच्या नोंदींचं, फोल्डर असतं. लिनक्सवर होममधल्या डॉट लोकल, शेअर, ज्युपिटर, कर्नल्समध्ये, मॅकवर लायब्ररी, ज्युपिटर, कर्नल्समध्ये, विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये. तिथे कोयना नावाचं फोल्डर करा. हे नाव इंग्रजी अक्षरांतच हवं. आत कर्नल डॉट जेसन. तिच्यात चार गोष्टी. आर्गव्ही ही यादी: घरचं पायथन, आपल्या स्क्रिप्टचा पत्ता, आणि महिरपी कंसात कनेक्शन अंडरस्कोर फाइल, जिथे ज्युपिटर खऱ्या फाइलचा पत्ता स्वतः भरतं. विंडोजवर पत्त्यात उलटी तिरकी रेघ एकच दिली तर जेसन रुसतं, सरळ दोन द्या. दुसरी गोष्ट डिस्प्ले-नेम, इथे मात्र मराठी चालतं; माझ्याकडे "कोयना, लॅब" असं दिसतं. लँग्वेजला पायथन. आणि चौथी, जी अर्धे जण गाळतात: इंटरप्ट-मोडला मेसेज.

ती का? नेहमीच्या पद्धतीत थांबवायचं बटण दाबलं की ज्युपिटर कर्नलच्या प्रोसेसला सिग्नल पाठवतं. आपल्याकडे या बाजूला कर्नल नाहीच, आहे ते एसएसएच. सिग्नल त्याला बसतो, टनेल कोसळतो, आणि एक चुकलेली लूप थांबवायच्या नादात तासाभराचे व्हेरिएबल्स जातात. मेसेज लिहिलं की थांबण्याचा निरोप कंट्रोलच्या दारातून पलीकडे जातो.

ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट केलं की कोयना दिसलं पाहिजे. लगेच वही उघडू नका. आधी टर्मिनलमध्ये ज्युपिटर कन्सोल डॅश डॅश कर्नल कोयना चालवा. जे काही बिनसलं असेल ते तिथे डोळ्यांसमोर छापलं जातं. पोर्ट आधीच वापरात आहे असं तिकडून आलं तर घाबरू नका. पोर्ट निवडताना ज्युपिटरने फक्त घरचं मशीन तपासलेलं असतं. बंद करून नव्याने सुरू करा, नवे पाच मिळतील.

माझ्या प्रत्येक वहीचा पहिला सेल ठरलेला आहे: सॉकेट मधून गेटहोस्टनेम आणि सिस मधून एक्झिक्युटेबल, दोन्ही छापायचे. कोणत्या मशीनवर, कोणत्या पायथनवर. कारण यानंतरचे बहुतेक फोन याच एका घोळाचे असतात. "मॅडम, फाइल सापडत नाही म्हणतंय, पण डाव्या बाजूला तर दिसतेय." डाव्या बाजूला दिसते ती घरच्या लॅपटॉपवरची. कोड जी शोधतोय ती लॅबच्या डिस्कवर. डेटा तिकडे नेऊन ठेवा, पूर्ण पत्ता द्या.

टनेलचा कंटाळा येऊन कोणी कर्नल किंवा ज्युपिटर थेट ०.०.०.० वर ऐकायला बसवतो. नको. सही असली तरी निरोप उघडेच जातात; कॅम्पसच्या नेटवर्कवरचा कोणीही ते वाचू शकतो. आणि टोकन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेलं असलं तर वाचायचीही गरज नाही.

या जोडणीची एक मर्यादा आहे. जोडणी गेली की कर्नल गेला. टीटीने आपणच ते मागून घेतलं आहे. पहिल्या वळवाने लाइट जाते, राउटर बंद, आणि चाळीस मिनिटांचा हिशेब पस्तिसाव्या मिनिटाला संपतो. म्हणून दहा मिनिटांपेक्षा मोठं काम मी वहीतून चालवत नाही. ते साधी पायथन फाइल करून तिकडे टीमक्समध्ये सोडते, निकाल नेटसीडीएफमध्ये साठवते, आणि कर्नल जोडून तो निकाल फक्त उघडते. वहीच हवी असेल तर तेवढ्यापुरता सोपा रस्ता बरा: सर्व्हर टीमक्समध्ये तिकडेच, त्यामुळे कर्नल टिकतो. अधल्यामधल्या वेळात छापलेलं सगळं परत दिसेलच असं नाही, म्हणून निकाल फाइलमध्ये ठेवायचाच.

राहिला आलेख. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर यांच्या पावसाचा पहिला आलेख लॅबच्या कर्नलवर काढला तेव्हा नावांच्या जागी नुसते चौकोन आले. घरी त्याच कोडने चौकोन येत नसत. मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारी लायब्ररी) चित्र कर्नलच्या मशीनवर रंगवतं आणि तयार पीएनजी पाठवतं, आणि त्या मशीनवर देवनागरी फॉन्ट नव्हता. नोटो सॅन्स देवनागरी स्वतःच्या डॉट फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकला, मॅटप्लॉटलिबचं कॅश फोल्डर पुसलं, कर्नल नव्याने सुरू केला. चौकोन गेले. पण मग दिसलं की "मिलिमीटर"मधल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्यात आणि महाबळेश्वरच्या श्व चा पाय मोडून व वेगळा पडलाय. माझ्याकडच्या आवृत्तीला अक्षरं जुळवता येत नाहीत, ती एकामागून एक मांडते.

तेव्हापासून मराठी नावांचे आलेख मी प्लॉटलीने काढते. ते चित्र पाठवत नाही, आकडे पाठवतं, आणि चित्र माझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये रंगतं, जिथे फॉन्टही आहे आणि जोडाक्षरंही येतात. आकडे टनेलमधून येणार म्हणून आधी तिकडेच महिन्याच्या बेरजा करून घेते. १७,४१५ बिंदूंचा रोजचा पाऊस मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मागवायचा नाही. तीन ठिकाणं, १२० वर्षं, बारा महिने: ४,३२० आकडे. लगेच येतात.